कोऱ्या पानांवर हक्क कोणाचा? पॉलिक्रॉन विरुद्ध टोल्कीन इस्टेट

कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाचे डिमिट्रियस पॉलिक्रॉन हे जे. आर. आर. टोल्कीन यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीचे निस्सीम चाहते. त्यांनी त्या कादंबरीचा पुढचा भाग लिहिला, सप्टेंबर २०२२ मध्ये स्वतःच छापला आणि विकायला काढला. नाव ठेवलं 'द फेलोशिप ऑफ द किंग'. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयात दावा ठोकला, की ॲमेझॉनच्या 'रिंग्ज ऑफ पॉवर' या मालिकेने आपली कथा चोरली. प्रतिवादींमध्ये टोल्कीन यांच्या साहित्याचे हक्क सांभाळणारी टोल्कीन इस्टेट होती, लेखकाचे नातू सायमन टोल्कीन होते आणि जेफ बेझोसही होते. मागणी २५ कोटी डॉलरची. वर्ष संपता संपता हातात काय पडलं? दावा फेटाळला गेला, पुस्तकाच्या विक्रीवर कायमची बंदी आली, छापील आणि डिजिटल अशा सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला आणि वर समोरच्यांच्या वकिलांच्या फीपोटी सुमारे १ लाख ३४ हजार डॉलरचा भुर्दंड बसला.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणून ही बातमी हसण्यावारी नेता येते. बहुतेकांनी नेलीच. एरवी कुठल्याही चाहत्यावर मोठी संस्था चालून गेली की फॅनफिक, म्हणजे आवडत्या पुस्तकातली पात्रं घेऊन स्वतःच्या कथा, लिहिणारी मंडळी पदर खोचून उभी राहतात. इथे त्यांनीही खांदे उडवले. मला मात्र हे प्रकरण नीट उलगडून बघावंसं वाटतं. पॉलिक्रॉन हरले ज्या कारणाने, आणि चाहत्यांना ते परके वाटले ज्या कारणाने, ती दोन कारणं एक नाहीत. आणि कोर्टाचं कारण त्या खांदे उडवणाऱ्यांनाही लागू पडतं.

आधी घटनाक्रम. पॉलिक्रॉन यांचं हस्तलिखित २०१७ मध्ये तयार होतं. त्यांनी अमेरिकेत त्याची कॉपीराइट नोंदणी केली आणि सायमन टोल्कीन यांना पत्र लिहून ते वाचण्याची विनंती केली. उत्तर आलं नाही. २०१९ मध्ये त्यांनी वकील गाठून इस्टेटकडे विचारणा केली. इस्टेटने सांगितलं, असल्या लेखनाला आम्ही परवानगी देत नाही. तरीही त्या वर्षअखेरीस त्यांनी हस्तलिखिताची एक प्रत सायमन टोल्कीन यांच्या घरी पोचवली. मधल्या काळात, नोव्हेंबर २०१७ मध्येच, ॲमेझॉनने मालिकेची घोषणा केली होती. हक्कांसाठी मोजलेली रक्कम बातम्यांत आली ती २५ कोटी डॉलर. पुढे दाव्यात मागितलेला आकडाही तोच. हा निव्वळ योगायोग मानायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.

पॉलिक्रॉन यांच्या बाजूने पाहिलं तर धागा सरळ होता. हस्तलिखित नातवाच्या घरी, नातू मालिकेचा सल्लागार, आणि मालिकेत एलानोर नावाची, हॉबिट म्हणजे टोल्कीनच्या जगातल्या बुटक्या माणसांच्या कुळातली मुलगी. त्यांच्या कादंबरीतही एलानोर होती. पण ते नाव त्यांच्या आधी टोल्कीन यांचं होतं. कादंबरीचा नायक फ्रोडो याचा सोबती सॅम गॅम्जी, त्याची थोरली लेक. लोथलोरिएनमधल्या सोनेरी फुलावरून फ्रोडोने सुचवलेलं नाव. स्वतः दुसऱ्याच्या बागेतून आणलेलं रोप कुणी तिसऱ्याने तोडलं म्हणून तक्रार करायची, तर आधी विचारलं जाणारच की रोप कुठून आणलं.

इथे थोडं थांबून त्या रोपाकडे बघू, कारण टोल्कीनचे चाहते पुढची गोष्ट लिहायला का बसतात याचं उत्तर कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात आहे. फ्रोडो शायर ही हॉबिटांची भूमी कायमची सोडून निघतो, त्याआधी तो सॅमच्या हाती लाल चामड्याच्या बांधणीचं एक मोठं बाड देतो. सुरुवातीची पानं त्याचा वडीलधारा नातलग बिल्बो याच्या बारीक, भरकटत्या अक्षरात. नंतरची बहुतेक फ्रोडोच्या ठाम, वाहत्या हस्ताक्षरात. ऐंशीवं प्रकरण अर्धवट आणि त्यापुढे काही पानं कोरी. सॅम म्हणतो, तुमचं तर जवळजवळ लिहून झालंय की. फ्रोडो सांगतो, माझं पुरतं झालं, उरलेली पानं तुझी. मग बंदर, जहाज, परतीची वाट, दिवा लागलेलं घर. रोझी सॅमला खुर्चीत बसवते आणि एलानोरला त्याच्या मांडीवर ठेवते. कादंबरी संपते.

आता सांगा, कोरी पानं दाखवून लेखक उठून गेला तर वाचक काय करील? या कादंबरीची रचनाच अशी आहे, की हे सगळं एका जुन्या वहीतून उतरवून घेतलंय आणि वही हातोहात फिरत आली आहे. परिशिष्टांत तर नुसत्या नावांचा पाऊस. रोहानचा राजा एओमर याची राणी लोथिरिएल, राजपुत्र इमराहिलची मुलगी. ती कशी होती, दोघं भेटली कुठे, यावर टोल्कीननी एक वाक्य खर्च केलेलं नाही. चाहत्यांनी तिच्यावर कथांमागून कथा लिहिल्या. बॅलरॉग नावाच्या अग्निराक्षसाला पंख होते की नव्हते, यावर तर पिढ्यानपिढ्या वाद चालू आहे. खझाद-दूमच्या पुलावर तो उभा राहतो तेव्हा आधी त्याची सावली दोन प्रचंड पंखांसारखी पसरल्याचं वर्णन येतं, आणि पुढे लगेच त्याचे पंख भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरले असं सरळ वाक्य येतं. उपमा की वस्तुस्थिती? दोन्ही पक्ष तीच दोन वाक्यं पुरावा म्हणून पुढे करतात. कीर्तनात एकाच ओवीवर दोन बुवांनी दोन निरूपणं करावीत तसा हा प्रकार. अशा बारीक वाचनातूनच फॅनफिक जन्मते. आधी वाद होतो, मग कुणीतरी म्हणतं, थांबा, तो प्रसंग मी लिहूनच दाखवते.

आणि हे आंतरजालाच्या आधीपासून चालू आहे. अमेरिकेत १९६० मध्ये निघालेल्या 'आय पॅलान्टिर' या चाहत्यांच्या नियतकालिकात मध्यभूमीवरची, म्हणजे टोल्कीनच्या कल्पित जगातली, कथा होती. म्हणजे टोल्कीन हयात होते, तेव्हापासून.

ते काय म्हणत होते? चाहते हमखास एक पत्र दाखवतात. १९५१ मध्ये मिल्टन वॉल्डमन या प्रकाशकाला लिहिलेल्या लांबलचक पत्रात टोल्कीन सांगतात, की मला इंग्लंडसाठी एक अख्खी पुराणपरंपरा रचायची होती, काही कथा पूर्ण लिहायच्या, काही नुसत्या आराखड्यात ठेवायच्या, आणि इतर मनांना व हातांना चित्र, संगीत, नाट्य घेऊन त्यात यायला वाव ठेवायचा. फॅनफिकची सनदच जणू. पण पत्रात पुढचा शब्द आहे तो असा, की हा सगळा वेडगळपणा. तो शब्द सनद फडकावणारे सहसा गाळतात. शिवाय यादीत चित्र आहे, संगीत आहे, नाट्य आहे. गद्य कथा त्यात नाही.

दुसरं पत्र कमी फिरतं, आणि आपल्या प्रकरणाशी त्याचं नातं जास्त जवळचं. डिसेंबर १९६६ मध्ये एका तरुण चाहत्याने कादंबरीचा पुढचा भाग लिहिण्याचा मनोदय कळवला. टोल्कीन वैतागले. आपल्या प्रकाशनसंस्थेला त्यांनी लिहिलं, त्याचा मथितार्थ असा: कायदा काय म्हणतो मला ठाऊक नाही. नुसती नावं रचली म्हणून त्यांवर मालकी सांगता येत नसावी, तेव्हा या तरुण गाढवाला असला माल छापणारा कुणी भेटला, तर त्याला कायद्याने अडवता येणार नाही असं मला वाटतं. गाढव हा शब्द त्यांचाच. राग पुरेपूर आहे, पण कायद्याचा अंदाज साफ चुकलेला. छप्पन्न वर्षांनी तसं पुस्तक खरंच निघालं तेव्हा कायद्याने त्याला अडवायला वर्ष-सव्वा वर्षच घेतलं.

स्वतः टोल्कीननीही पुढचा भाग लिहून पाहिला होता हे विशेष. 'द न्यू शॅडो' नावाची काही पानं आहेत. कादंबरीतला खलनायक सॉरॉन याच्या पाडावानंतर शंभरएक वर्षांनी गोंडोरच्या राज्यात सुबत्ता आलेली, लोकांना कंटाळा आलेला, आणि पोरं ऑर्क-ऑर्क (ऑर्क म्हणजे सॉरॉनचे राक्षसी शिपाई) खेळत झाडं मोडतायत. एक गुप्त पंथ डोकं वर काढू लागलेला. त्यांनी ते टाकून दिलं. १९६४ च्या पत्रात कारणही दिलं: कट, कटाचा छडा, कटाचा बीमोड, एवढ्याचं रहस्यकथानक जमलं असतं, पण ते तेवढंच राहिलं असतं. लिहिण्याच्या लायकीचं नाही. पॉलिक्रॉन यांनी मात्र सात खंडांचा बेत आखला होता. मूळ लेखकाने तेरा-चौदा पानांत जे सोडलं, त्यावर सात खंड. यात धाडस किती आणि अंदाज किती, ते वाचकाने ठरवावं.

आता चाहत्यांच्या बाजूला येऊ. फॅनफिकच्या जगाचा एक अलिखित शिरस्ता आहे. कथेच्या माथ्यावर डिस्क्लेमर: ही माणसं, ही भूमी टोल्कीन यांची, मी फक्त खेळायला घेतली आहेत, यातून मला एक पैसा मिळत नाही. कायद्याच्या दृष्टीने त्या ओळींना फारशी किंमत नाही हे लिहिणाऱ्यांनाही माहीत असतं. पण ती ओळ कोर्टासाठी नसतेच, ती एकमेकांसाठी असते. मंदिरात शिरताना चपला बाहेर काढतात, तसली. दुसरा नियम कॅननचा: मूळ ग्रंथाशी विसंगत जाताय तर आधी सांगा, कथेवर 'एयू' (ऑल्टर्नेट युनिव्हर्स, पर्यायी विश्व) म्हणून शिक्का मारा. तिसरा बीटाचा: कथा टाकण्याआधी दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. कादंबरीत अंगठी नष्ट करायला निघालेल्या फेलोशिपमधल्या नऊ जणांबरोबर आपल्यासारखीच एक मुलगी दहावी म्हणून निघते, त्या कथाप्रकाराला 'टेन्थ वॉकर' म्हणतात. नवशिक्यांचा तो आवडता आणि जुन्याजाणत्यांच्या चेष्टेचा विषय. या शतकाच्या सुरुवातीला हेनेथ अन्नून नावाचं टोल्कीन-कथांचं एक भांडार होतं. नाव इथिलिएनमधल्या फारामिरच्या लपण्याच्या जागेचं. तिथे कथा अशाच स्वीकारत नसत. सभासद परीक्षक वाचून मत देत, आणि पुरेशी मतं पडली तरच कथा मुख्य संग्रहात जाई. फुकटच्या कथांसाठी एवढी चाळण! हौशी लोक कामाला लागले की व्यावसायिकांना लाजवतात, ते असं. पुढे ते भांडार बंद झालं आणि कथा 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन'मध्ये हलवल्या गेल्या.

हे आर्काइव्ह ज्या संस्थेचं, ती २००७ मध्ये स्थापन झाली, चाहत्यांनीच केली, आणि तिचं बोधवाक्य म्हणावं असं एकच धोरण आहे: इथे विक्री नाही. कथेखाली देणगीची लिंक टाकलेलीसुद्धा चालत नाही. २०१९ मध्ये या आर्काइव्हला ह्यूगो पुरस्कार मिळाला. मग हजारो लेखकांनी गमतीत स्वतःला ह्यूगो-विजेते म्हणवून घेतलं आणि पुरस्कारवाल्यांना खुलासा करावा लागला, की पुरस्कार आर्काइव्हला आहे, त्यातल्या एकेका कथेला नाही. आनंदाच्या भरात झालेला वाद, पण त्यातही मालकी कोणाची हाच प्रश्न होता.

पॉलिक्रॉन यांनी या शिरस्त्यातलं काय काय मोडलं ते आता दिसेल. पुस्तक विकलं. परवानगी नाकारल्यावर विकलं. आणि तिसरी गोष्ट चाहत्यांच्या लेखी सगळ्यात वाईट: उसन्या घेतलेल्या जगावर स्वतःचा मालकी हक्क सांगितला, तोही थेट मूळ मालकाविरुद्ध. टोल्कीनच्या कविता आणि उतारे पुस्तकात जसेच्या तसे उचलल्याचा इस्टेटचा आरोप होता, तो वेगळाच. आर्काइव्हवर कुणी असं केलं असतं तर तिथल्या लोकांनीच त्याला बाहेरचा रस्ता दाखवला असता.

शिरस्त्याची ताकद किती असते, याचा दाखला टोल्कीन यांच्याच हयातीत मिळाला होता. १९६५ मध्ये एस बुक्स या अमेरिकी प्रकाशनाने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची पेपरबॅक आवृत्ती परस्पर बाजारात आणली. किंमत प्रत्येकी ७५ सेंट. लेखकाला छदाम नाही. त्यांचं म्हणणं होतं, की ब्रिटनमध्ये छापून अमेरिकेत आणलेल्या प्रतींची संख्या मर्यादेबाहेर गेल्याने या पुस्तकाचा अमेरिकेतला कॉपीराइट उडाला आहे. तेव्हाचा अमेरिकी कायदा इतका विचित्र होता, की हे म्हणणं अगदीच हवेत नव्हतं. टोल्कीन कोर्टात गेले नाहीत. बॅलन्टाइनने ९५ सेंटची अधिकृत आवृत्ती काढली आणि मलपृष्ठावर टोल्कीन यांचं निवेदन छापलं, की माझ्या संमतीने निघालेली आवृत्ती हीच, हयात लेखकाशी किमान सौजन्याने वागावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हीच घ्यावी. शिवाय चाहत्यांच्या प्रत्येक पत्राला उत्तर देताना ते या प्रकाराचा उल्लेख करू लागले. वीस सेंट जास्त मोजून वाचकांनी अधिकृत प्रत घेतली आणि एसवर टीकेची झोड उठवली. १९६६ मध्ये एसने मानधन चुकतं केलं आणि पुन्हा न छापण्याचं कबूल केलं. अमेरिकेतला कॉपीराइट शाबूत असल्याचा न्यायालयीन निवाडा आला तो थेट १९९२ मध्ये, टोल्कीन जाऊन एकोणीस वर्षं झाल्यावर. त्या सव्वीस वर्षांत पुस्तकाचं रक्षण कायद्यापेक्षा वाचकांच्या रिवाजाने जास्त केलं.

आता पॉलिक्रॉन प्रकरणातला निकाल. न्यायाधीश स्टीफन विल्सन यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये दावा फेटाळला तो असा, की तोच दावा पुन्हा दाखल करायची सोय उरली नाही. कारण साधं होतं. मूळ कृतीवर आधारित नवी कृती रचण्याचा हक्क अमेरिकी कायद्यानुसार मूळ हक्कधारकाचा. परवानगीशिवाय तशी कृती रचली आणि उसना माल तिच्यात सगळीकडे मुरलेला असला, तर त्या कृतीला कॉपीराइटचं संरक्षणच नाही. मग ॲमेझॉनने तुमचं काही घेतलं की नाही हा प्रश्न उद्भवत नाही, कारण घेण्यासारखं तुमचं कायद्याच्या नजरेत काही नाहीच. टोल्कीनची पात्रं पुरेशी रेखीव, ओळखू येणारी, म्हणून त्यांनाही संरक्षण आहे, हेही कोर्टाने मानलं.

यासाठी आधार घेतला तो याच न्यायालयाच्या १९८९ च्या निकालाचा, आणि तो टोल्कीनशी दुरान्वयानेही संबंधित नाही. टिमथी अँडरसन नावाच्या लेखकाने 'रॉकी'चा तिसरा चित्रपट पाहून चौथ्याचा आराखडा लिहिला, तो निर्मात्यांना दाखवला, आणि चौथा चित्रपट आल्यावर आपली कल्पना वापरली म्हणून सिल्व्हेस्टर स्टॅलोनवर दावा लावला. कोर्ट म्हणालं, रॉकी आणि त्याच्या भोवतीची माणसं स्टॅलोनची. त्यांना घेऊन विनापरवाना लिहिलेल्या आराखड्यातलं काहीच तुमचं नाही, त्यातलं नवीन तेवढंही नाही. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. चाहत्याने स्वतःच्या डोक्याने रचलेला भागसुद्धा उसन्या मातीत इतका कालवला गेला असेल तर त्याचा राहत नाही.

जून २०२३ मध्ये इस्टेटने वेगळा दावा लावला होता. त्याचा निकाल डिसेंबरमध्ये लागला आणि पुस्तकाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम त्यात आला. दुसरा खंड 'द टू ट्रीज' नावाने तयार होता, तोही त्यात अडकला.

आता ऑगस्टच्या निकालातलं कारण पुन्हा वाचा. त्यात विक्रीचा मुद्दा कुठे आहे? कुठेच नाही. विनापरवाना आधारित कृतीला संरक्षण नाही, ही कसोटी फुकट वाटलेल्या कथेलाही तितकीच लागू पडते. म्हणजे लोथिरिएलवर अडीचशे पानं लिहून आर्काइव्हवर ठेवणाऱ्या बाईची कथा उद्या कुणी उचलून मालिकेत वापरली, तर तिलाही हाच निकाल दाखवला जाईल. फॅनफिकच्या बाजूने बोलणारे वकील म्हणतात, की बिनव्यापारी आणि मूळ कृतीला नवा अर्थ देणारं लेखन 'फेअर यूज'मध्ये, म्हणजे कायद्याला मान्य असलेल्या रास्त वापरात, बसतं. त्या म्हणण्यात दम आहे. पण तो बचाव कथेगणिक मांडावा लागतो, आणि त्यासाठी आधी कोर्टाची पायरी चढावी लागते, वकील लावावा लागतो. म्हणून मला खांदे उडवणाऱ्यांचं नवल वाटतं. पॉलिक्रॉन यांनी शिरस्ता मोडून जी गोष्ट कोर्टासमोर नेली, ती इतकी वर्षं सगळ्यांनी मिळून कोर्टापासून लांब ठेवली होती. इस्टेट बघून न बघितल्यासारखं करायची, चाहते पैसे न मागता लिहायचे, आणि दोन्ही बाजूंना प्रश्न न विचारण्यातच सोय होती.

सगळीकडे चित्र असं नव्हतं. सोव्हिएत संघ १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारात आला, पण त्याआधीच्या परदेशी पुस्तकांना तिथे संरक्षण नव्हतं. त्या पोकळीत निक पेरुमोव यांनी १९९३ मध्ये मध्यभूमीवरची पुढची कादंबरी राजरोस छापली, कादंबरीतल्या घटनांनंतर तीनशे वर्षांनी घडणारी, आणि तिच्या जोरावर ते रशियातले नावाजलेले लेखक झाले. किरिल येस्कोव हे पेशाने जीवाश्मशास्त्रज्ञ. त्यांनी १९९९ मध्ये मूळ कादंबरीचीच कथा सॉरॉनच्या मोर्डोर राज्याच्या बाजूने सांगितली: मोर्डोर म्हणजे यंत्रयुगाच्या उंबरठ्यावरचं सुशिक्षित राज्य, आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' म्हणजे जेत्यांनी लिहून घेतलेला इतिहास. या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर २०१० मध्ये निघालं ते मात्र विनामूल्य, आंतरजालावर. भाषा बदलली आणि शिरस्ताही बदलला. पॉलिक्रॉन यांनी केलं त्याच्याहून येस्कोवनी मूळ कादंबरीची जास्त मोडतोड केली आहे, पण त्यांच्याकडे सांगायला काहीतरी होतं. माझ्या मते या सगळ्या लेखनात वाचण्याजोगं पुस्तक ते एकच.

आपल्याकडे या दोन्ही वाटा एकाच वेळी पाहायला मिळाल्या, त्या कोलकात्यात, आणि हॅरी पॉटरच्या बाबतीत. २००३ मध्ये हॅरीला कोलकात्यात आणणारी एक बंगाली कादंबरिका निघाली आणि कायदेशीर कारवाईच्या बडग्यानंतर प्रकाशकाने ती मागे घेतली. २००७ मध्ये सॉल्ट लेकच्या एका दुर्गापूजा मंडळाने हॉगवर्ट्सचा भव्य मंडप उभारला. वॉर्नर ब्रदर्स आणि रोलिंग दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, २० लाखांची भरपाई मागितली. कोर्टाने पूजेपुरता मंडप राहू दिला, मंडळ नफ्यासाठी काम करत नाही हे लक्षात घेऊन. पुढे परवानगीशिवाय असं करू नका एवढी समज दिली. पुस्तक विकायला होतं, मंडप बघायला. कोलकात्यात कायदा आणि शिरस्ता एका रेषेत आले ते एवढ्यापुरते.

मराठी वाचकाला हा सगळा बखेडा काहीसा परका वाटतो, याचं कारण आपली जुनी कथासृष्टी कुणाच्याच इस्टेटीत नाही. शिवाजी सावंतांनी कर्णाला स्वतःच्या तोंडाने बोलायला लावलं, खांडेकरांनी ययाती आणि कच यांना आपल्या मनासारखं घडवलं, तेव्हा व्यासांच्या वारसांची परवानगी कुणी मागितली नाही. पुढचा भाग, गाळलेला प्रसंग, पराभूताची बाजू हे फॅनफिकचे तिन्ही प्रकार आपल्याकडे ग्रंथालयात सन्मानाने बसलेत. टोल्कीनही मराठीत आला आहे. मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने तो आणला. पण शायरमधली एखादी मराठी कथा लिहून विकायची झाली तर अजून थांबावं लागेल.

किती, तर देशागणिक वेगळं. टोल्कीन २ सप्टेंबर १९७३ रोजी गेले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण. पूर्वी ५० होती. टागोरांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेर संपत आली तेव्हा सरकारने ती वाढवली. त्या हिशोबाने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' इथे १ जानेवारी २०३४ रोजी मोकळं होईल. 'सिल्मरिलियन' लेखकाच्या पश्चात, १९७७ मध्ये आलं, आणि मरणोत्तर प्रकाशित पुस्तकांची ६० वर्षं आपल्या कायद्यात प्रकाशनापासून मोजतात, म्हणून ते २०३८ ला. ब्रिटनमध्ये मृत्यूनंतर ७० वर्षं, म्हणजे २०४४. अमेरिकेत त्या काळातल्या पुस्तकांना प्रकाशनापासून ९५ वर्षं. 'हॉबिट' १९३७ चं, ते २०३३ मध्येच सुटतं, आपल्याकडच्याही आधी. पण एलानोरचा जन्म झाला तो तिसऱ्या खंडात, आणि तो खंड १९५५ चा. सॅमची ही लेक मुंबई-पुण्यात २०३४ मध्ये कुणाच्याही कथेत येऊ शकेल. सांता मोनिकात त्यासाठी २०५१ उजाडावं लागेल.